वाहून गेलेल्या बांधाचा खर्च कोणाच्या माथी?

अकोल्याला समुद्र नाही. तरी कोकणातला एक प्रश्न आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. वादळाने किनारा खाल्ला, तर तो पुन्हा उभा करण्याचा खर्च कोणी करायचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. सुरूची बनं आडवी झाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वादळांत किनाऱ्यावरची वाळू जाते, आणि वाळूबरोबर गावाचं संरक्षणही जातं. त्या वाळूवर पर्यटन चालतं, लॉज चालतात, सरकारला कर मिळतो. पण किनारा खचला की लोक बोट दाखवतात ग्रामपंचायतीकडे. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणारी ग्रामपंचायत समुद्राशी कशी लढणार?

आणि किनारा एका गावाचा असतो तरी कुठे? वाळू नद्यांनी डोंगरातून आणलेली असते. लाटा ती एका गावापुढून दुसऱ्या गावापुढे सरकवतात. एका गावाने आपल्यापुरती दगडी भिंत बांधली तर अनेकदा शेजारच्या गावाचा किनारा जास्त खचतो. म्हणजे नुकसान एका हद्दीत दिसतं, पण त्याचं कारण आणि त्याचा फायदा दोन्ही हद्दीबाहेर असतात. मग खर्च तेवढा हद्दीतल्यांनीच का करायचा?

मित्रांनो, आता ‘किनारा’ हा शब्द काढा आणि तिथे ‘बांध’ हा शब्द ठेवा. प्रश्न थेट अकोल्यात येऊन उभा राहतो.

आपली माती, खालचं पाणी

घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा हा पाऊस प्रवरेतून आणि मुळेतून पूर्वेकडे जातो. प्रवरेवर १९२६ साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पूर्ण झालं. साधारण ११ टीएमसीचं हे धरण आता शंभरीत आहे. त्याच्या खाली निळवंडे, साधारण सव्वाआठ टीएमसीचं. या पाण्यावर संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा इथला ऊस उभा राहिला. साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांवर कॉलेजं उभी राहिली, आणि त्या सगळ्यावर जिल्ह्याचं राजकारण उभं राहिलं.

आणि अकोल्याच्या वाट्याला काय आलं? बुडालेल्या जमिनी, उठलेली गावं, आणि दर पावसाळ्यात फुटणाऱ्या भातखाचरांच्या ताली. अतिवृष्टीत उतारावरची माती सुटते. ओढा पात्र सोडतो, काठ खातो, वस्तीचा रस्ता घेऊन जातो. ज्या खाचराला भर घालायला आजोबा आणि बाप अशा दोन पिढ्या लागल्या, ते एका रात्रीत मुरमावर येतं. ती माती जाते कुठे? धरणात. म्हणजे वरच्या आदिवासी शेतकऱ्याचं खाचर जातं, आणि खालच्या बागायतदाराच्या धरणात तेवढी जागा गाळाने भरते. नुकसान दोघांचं आहे. पण बांध पुन्हा घालण्याचा खर्च मात्र एकट्या वरच्याचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याच्या बाबतीत सरकारने खोरं एक आहे हे मान्य केलेलं आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५चा कायदा समन्यायी पाणीवाटपाची भाषा करतो. २०१४मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचं सूत्र ठरलं. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद तेव्हापासून आपण दर दिवाळीत ऐकतो. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब होतो, कोर्टकचेऱ्या होतात, मोर्चे निघतात.

पाण्याचं खोरं एक, मग मातीचं खोरं वेगळं कसं? पाणी वाटून घ्यायचं तर पाणलोट सांभाळण्याचा खर्चही वाटून घ्यायला हवा. हा साधा न्याय आहे. पण तो मांडायला आपल्याकडे कोणी उभं राहत नाही, कारण वरच्या बाजूला आदिवासी आणि दलित आहेत, खालच्या बाजूला कारखाने आहेत.

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अभ्यासला

आपण बाबासाहेबांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण ते आधी अर्थतज्ज्ञ होते, आणि त्यांचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध नेमका याच विषयाचा आहे: वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या सरकारांनी पैसा आणि जबाबदारी कशी वाटून घ्यायची. ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ हा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात त्यांनी तीन टप्पे दाखवले. १८७१पासून केंद्र प्रांतांना ठरावीक रक्कम द्यायचं. १८७७पासून काही उत्पन्नाची साधनं प्रांतांकडे सोपवली गेली. १८८२पासून काही महसूल केंद्र आणि प्रांत यांच्यात वाटला जाऊ लागला. या कोरड्या वाटणाऱ्या इतिहासातून आपण आज एक धडा घ्यायला हवा. जबाबदारी खाली ढकलायची आणि पैशाच्या चाव्या वर ठेवायच्या, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत. ती हात झटकण्याची सोय आहे.

स्वतंत्र भारतात हाच विचार राज्यघटनेत आला. कलम २८० प्रमाणे वित्त आयोग केंद्र आणि राज्य यांच्यातली वाटणी ठरवतो. ७३व्या घटनादुरुस्तीने कलम २४३-आय आणलं, राज्य वित्त आयोगाने पंचायतींचा वाटा ठरवावा म्हणून. अकराव्या अनुसूचीत मृद्संधारण आहे, पाणलोट विकास आहे. म्हणजे कागदावर ही कामं पंचायतीची. पैसा? तो वरून येईल तेव्हा, येईल तेवढा.

भरपाई कोणाला मिळते?

‘सरकार मदत देतंच ना’ असं कोणी म्हणेल. बघूया काय देतं.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. त्याच्या २०२२ ते २०२६च्या निकषांप्रमाणे शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर हेक्टरी १८,००० रुपये. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेली तर हेक्टरी ४७,००० रुपये, तेही अल्प आणि अत्यल्पभूधारकांना. २०२५च्या महापुरानंतर राज्याने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हे ४७,००० रुपये आणि शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. तीन लाखांचा आकडा महत्त्वाचा आहे. जमीन पुन्हा उभी करायला खरा खर्च किती येतो, याची ही सरकारने स्वतःच दिलेली कबुली आहे.

पण या प्रत्येक निकषाच्या मुळाशी एक कागद आहे: सातबारा. ज्याचा सातबारा त्याचं नुकसान. ज्याच्याकडे तो कागद नाही, त्याचं काहीच गेलं नाही असं सरकार धरून चालतं.

आता आपल्या वस्त्यांकडे बघा. गावकुसाबाहेरची वस्ती कितीदा ओढ्याच्या काठावर, पाणथळ जागी, उताराच्या टोकाला असते? ही निसर्गाची चूक नव्हे, ती जातीने आखलेली जागा आहे. कसत असलेलं गायरान अजून नावावर नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ला हजारो माणसं भूमिहीनांच्या जमिनीसाठी तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९०पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१मध्ये निघाला. तरी आज किती जणांच्या हातात सातबारा आहे? पूर येतो तेव्हा या जमिनीचा पंचनामाच होत नाही. शेतमजुराचं तर विचारूच नका. शेत खरडलं की मालकाची जमीन जाते आणि मजुराचा वर्षाचा रोजगार जातो. पहिल्याची नोंद होते, दुसऱ्याची होत नाही.

म्हणून खर्च कोणी वाटून घ्यायचा एवढं विचारून आपलं भागत नाही. वाटून घेतलेल्या पैशातून कोणाचं काय दुरुस्त होणार, हेही विचारावं लागतं.

सार्वजनिक पैसा म्हणजे सार्वजनिक हक्क

इथे पुन्हा किनाऱ्याकडे जाऊ. अमेरिकेत किनाऱ्यावर पुन्हा वाळू भरण्याचे मोठे प्रकल्प होतात. तिथल्या १९८६च्या कायद्याप्रमाणे पहिल्या कामाचा सर्वसाधारण वाटा असा: केंद्र ६५ टक्के, बाकीचे ३५ टक्के राज्य आणि स्थानिक संस्था. न्यू जर्सी राज्यात या ३५ पैकी तीन हिस्से राज्य उचलतं आणि एक हिस्सा नगरपालिका. म्हणजे शंभर रुपयांतले पावणेनऊ रुपये गावाचे. या वाटणीला एक अट जोडलेली आहे. ज्या खासगी किनाऱ्यावर सामान्य माणसाला जाता येत नाही, त्याच्यासाठी केंद्राचा पैसा नाही. श्रीमंताच्या बंगल्यासमोरचा किनारा जनतेच्या पैशाने भरायचा असेल तर जनतेला वाट द्यावी लागते.

हे वाचून अमेरिकेचं कौतुक करत बसू नका. हे तत्त्व आपल्या चळवळीने त्याच्या कितीतरी आधी मांडलं आहे. ४ ऑगस्ट १९२३ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत, हा त्याचा गाभा. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचं तळं ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ला, बाबासाहेबांनी तिथलं पाणी घेतलं तेव्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. वाद कोर्टात गेला. अखेर १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तळं नगरपालिकेचं आहे, सवर्णांची खासगी मालमत्ता नाही, हा त्या वादातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

महाडचा हा अर्थ आजच्या खर्चवाटपाला लावा. ज्या बांधाला, बंधाऱ्याला, तलावाला सार्वजनिक पैसा लागला, त्याच्या लाभात भूमिहीनाचा वाटा हवाच. तो उपकार म्हणून द्यायचा नाही, हक्क म्हणून द्यायचा.

समान वाटा म्हणजे समता नव्हे

‘प्रत्येक ग्रामपंचायतीने सारखी वर्गणी भरावी’ हे ऐकायला गोड वाटतं. पण कारखान्याच्या गावाची ग्रामपंचायत आणि डोंगरातल्या पाड्याची ग्रामपंचायत यांनी सारखे पैसे भरणं याला समता म्हणत नाहीत. वाटा दोन गोष्टींवर ठरावा: कोणाला किती फायदा होतो आणि कोणाची किती कुवत आहे. सरकारलाही हे मान्य आहे. जलजीवन मिशनमध्ये लोकवर्गणी दहा टक्के, पण डोंगराळ व वनक्षेत्रातल्या आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या असलेल्या गावांना पाच टक्के. पाण्याच्या नळाला जो नियम लावता तो मातीच्या बांधाला का नाही?

श्रमदानाचंही तेच. आपला नगर जिल्हा श्रमदानाच्या कौतुकात वाढलेला आहे. श्रम कोणी दिले आणि दान कोणाला मिळालं, हे मात्र फार कोणी विचारत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याने दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर फुकट घाम गाळायचा, आणि वाढलेलं पाणी जमिनीच्या मालकाच्या विहिरीत उतरायचं, तर त्याला वेठबिगारीचं नवं नाव म्हणावं लागेल. शेजारच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकईची रीत आहे. तिथे आदिवासी एकमेकांच्या खाचरावर आळीपाळीने राबतात. आज तुझ्या, उद्या माझ्या. ती खरी वाटणी, कारण दोघांकडे खाचर आहे. जिथे एकाकडे जमीन आणि दुसऱ्याकडे फक्त हात आहेत, तिथे हातांना मजुरी मिळालीच पाहिजे. आणि गावाचा वाटा मोजताना ते श्रम रुपयांत धरले गेले पाहिजेत.

हे अशक्य आहे का? पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस बंद. महाराष्ट्राच्याच दुष्काळी मातीत हे घडलं आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खालच्या भागातून येईल: ‘आम्ही पाणीपट्टी भरतो.’ बरोबर. पण ती कालवे आणि धरणाच्या देखभालीच्या हिशेबातली आहे. धरणाच्या वरचा डोंगर त्या हिशेबात नाही. तरीही नवा कर लावण्याआधी एक जुनी तरतूद बघा. १९६१च्या जिल्हा परिषद कायद्यात पाणीपट्टीवर स्थानिक उपकराची तरतूद आहे. अकोले आणि राहाता एकाच जिल्हा परिषदेत आहेत. त्या उपकरातला एक ठरावीक हिस्सा पाणलोटातल्या गावांसाठी राखून ठेवायला कोणती अडचण आहे?

दुसरा आक्षेप आपल्यातलेच काही मित्र घेतील: ‘सगळा खर्च सरकारनेच करावा, ग्रामपंचायतीने रुपयाही का द्यावा?’ मोठा वाटा केंद्र आणि राज्याचाच असला पाहिजे, यात वाद नाही. पण ज्या कामात गावाचा काहीच वाटा नाही, त्या कामात गावाला आवाजही नसतो. कंत्राटदार येतो, जाळीचा बंधारा घालतो, फोटो काढतो, जातो. पुढच्या पावसात जाळी रिकामी. गावाचा वाटा छोटा असावा, पण मोजमाप-वहीवर सही करायला, काम थांबवायला आणि हिशेब मागायला पुरेसा असावा.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे: पैसा ग्रामपंचायतीकडे दिला तर तो पाटलाच्या शिवारातच जिरेल. ही भीती खुद्द बाबासाहेबांची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत त्यांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं होतं. गावावर आंधळा विश्वास ठेवणं आंबेडकरवाद्याला परवडत नाही. म्हणूनच पैशाबरोबर नियम हवेत. मोघम आश्वासनावर आपण कधीच जगलो नाही.

मग मागायचं काय?

एक, भंडारदरा-निळवंडे-मुळा पाणलोटातल्या मृद्संधारणासाठी केंद्र, राज्य, जिल्हा परिषद, लाभक्षेत्रातल्या नगरपालिका-ग्रामपंचायती आणि कारखाने यांचा ठरलेला वाटा. अकोल्यातल्या पेसा गावांचा वाटा सर्वात कमी, आणि तो श्रमाच्या रूपात पण मजुरीसह.

दोन, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५च्या कलम ४८मध्ये जिल्हा सौम्यीकरण निधीची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी, म्हणजे नुकसान होण्याआधीच्या कामासाठी ठेवला आहे. त्यातून आपल्या तालुक्यात किती खर्च झाला, हे जाहीर करा.

तीन, पंचनाम्यात कसणाऱ्याची नोंद. गायरान, वनहक्क दावे, वाट्याने केलेली शेती, सगळ्यांची. आणि भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या रोजगाराची.

चार, दुरुस्तीचा क्रम वस्तीपासून. आधी वस्तीचा काठ, वस्तीचा रस्ता, स्मशानभूमी, मग बाकीचं.

पाच, २०१७ला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली तेव्हा गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा होता. म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर त्याचा गाळ. डोंगरातून गेलेली माती डोंगरातल्या अल्पभूधारकाच्या खाचरात परत न्यायची असेल तर त्या वाहतुकीचा खर्च लाभक्षेत्राने उचलावा.

तरुण मित्रांनो, या मागण्या फेसबुकवर टाकून संपणार नाहीत. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याची ग्रामसभा होते तेव्हा आपण कुठे असतो? १४ एप्रिलच्या मिरवणुकीला जेवढे जमतो त्याच्या निम्मे जरी त्या सभेत बसलो, तर ठराव लिहिणाऱ्याचा हात थरथरेल. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीय निधी कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा त्याच्यासोबत चाला, गायरानावर त्याला घेऊन जा, नोंद होत नसेल तर लेखी नकार मागा. आणि आदिवासी संघटनांच्या सोबत उभे राहा. वरच्या डोंगरातला ठाकर-महादेव कोळी आणि ओढ्याकाठच्या वस्तीतला बौद्ध यांची माती एकाच पुरात जाते. त्यांचे अर्ज मात्र आजवर वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिले.

चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी मागितलं नव्हतं, घेतलं होतं, कारण ते सार्वजनिक होतं. या खोऱ्याचं पाणी सार्वजनिक आहे. मग या खोऱ्याची माती सांभाळण्याचा खर्चही सार्वजनिक आहे. ज्यांनी शंभर वर्षं या पाण्यावर वैभव उभं केलं, त्यांच्याकडे आपण भीक मागत नाही. थकलेलं बिल पाठवतो आहोत.

जय भीम! जय संविधान!